पाहुण्या लेखक-चित्रकारांचे हार्डकव्हर कॉमिक्स संग्रह: कोकणात राहून कसे जमवायचे आणि कसे टिकवायचे

दिवाळी अंक वाचत मोठ्या झालेल्या माणसाला अँथॉलॉजी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक आला तेव्हापासून आपल्याकडे हे चालूच आहे, एक संपादक, त्याने पाठी लागून मिळवलेलं दहापंधरा जणांचं लिखाण आणि चित्रं, आणि वरून एक झकास कव्हर. कॉमिक्सच्या संग्रहातही असंच असतं, फक्त तिथे बऱ्याचदा जग एकाचं आणि पाहुणे दुसरे, म्हणजे पात्रं ठरलेली, त्या जगाचे नियम ठरलेले, आणि त्यात बाहेरचे लेखक-चित्रकार येऊन आपापली एकेक गोष्ट सांगून जातात. असे संग्रह हार्डकव्हरमध्ये, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत निघाले की ते जमवायचा नाद लागतो, आणि आपण राहतो अशा हवेत जिथे मिरग लागला की पापडापासून पासपोर्टपर्यंत सगळं सादळतं. त्यामुळे काय घ्यायचं आणि घेतलेलं टिकवायचं कसं, दोन्ही सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सेट पूर्ण करायच्या मागे लागू नका. एका संग्रहात एखाद्या पाहुण्याची आठ पानं आवडली तर त्या पाहुण्याचा माग काढा, तो अजून कुठे कुठे गेलाय ते बघा, आणि तिथून पुढचं पुस्तक निवडा. अशाने कपाटात पुस्तकं कमी येतात पण वाचली सगळी जातात, आणि कोकणात कमी पुस्तकं असणं हे पावसाळ्यात फार उपयोगी पडतं.

पहिलं काम: चौकट बघा, नावांची यादी नंतर

कव्हरवर वीस मोठी नावं बघून पुस्तक घेऊ नका. आधी बघा की संपादकाने पाहुण्यांना काय सांगून बोलावलंय. याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे 'माउस गार्ड: लेजंड्स ऑफ द गार्ड'. डेव्हिड पीटरसनचं उंदरांचं जग, त्याची मुख्य पुस्तकं तो स्वतः लिहितो-काढतो, पण लेजंड्समध्ये त्याने दार उघडलं. जून नावाच्या उंदरीणबाईची खानावळ-कम-गुत्ता आहे, गिऱ्हाइकांची उधारी थकलीय, आणि ती म्हणते की आज रात्री गोष्ट सांगा, ज्याची गोष्ट सगळ्यात भारी त्याची उधारी माफ. अटी अशा की गोष्ट आधी कुणी ऐकलेली नसावी, पूर्ण खरी नसावी आणि पूर्ण खोटीही नसावी. आता एकेक उंदीर उठून गोष्ट सांगतो ती एकेका पाहुण्याने केलेली, आणि मधली खानावळीची पानं स्वतः पीटरसनची. त्यामुळे चित्रांची शैली दर दहा पानांनी बदलली तरी खटकत नाही, सांगणारा बदलला म्हणून चित्र बदललं, इतकं सरळ आहे. पहिला भाग २०१० चा, त्याला २०११ चं आयस्नर अवॉर्ड, म्हणजे अमेरिकेतला कॉमिक्सचा मोठा पुरस्कार, मिळालं बेस्ट अँथॉलॉजीचं, नंतर २०१३ आणि २०१५ ला अजून दोन. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी असं मी म्हणेन. मुख्य मालिका वाचली नसली तरी काही अडत नाही.

दुसऱ्या प्रकारची चौकट म्हणजे एक कडक अट. 'बॅटमॅन: ब्लॅक अँड व्हाइट' १९९६ ला चार अंकांत निघालं, मार्क किआरेलो संपादक, अट अशी की गोष्ट आठ पानांची आणि रंग अजिबात नाहीत. मग त्यात जपानचा कात्सुहिरो ओटोमोसुद्धा येऊन गेला. रंग काढून घेतले की चित्रकाराची रेघ किती पक्की आहे ते लगेच कळतं, ज्यांना चित्रकलेत रस आहे त्यांनी हे आवर्जून घ्यावं.

आणि हार्डकव्हर संग्रह का महत्त्वाचे याला एक घडलेली गोष्ट आहे. कायल बेकरने सुपरमॅनच्या बेबीसीटरची एक छोटी कॉमिक केली होती, १९९९ च्या एका जाड अंकात ती यायची होती, पण कंपनीने तो अंक अमेरिकेत विक्रीला जाण्याआधीच नष्ट करून टाकला. थोड्या प्रती तोवर इंग्लंडला पोचल्या होत्या त्या वाचल्या. त्या गोष्टीला २००० साली आयस्नर मिळालं, आणि शेवटी २००१ च्या 'बिझारो कॉमिक्स' या हार्डकव्हर संग्रहात ती परत छापली गेली. त्या संग्रहात सुपरहिरोंशी एरवी संबंध नसलेले कितीतरी चित्रकार आहेत, आणि त्यालाही २००२ ला बेस्ट अँथॉलॉजी मिळालं. सुटे अंक हरवतात, रद्दीत जातात, संग्रहातली गोष्ट राहते.

तिसरा प्रकार म्हणजे पाहुणा संपादक. 'द बेस्ट अमेरिकन कॉमिक्स' दरवर्षी यायचं, २००६ ते २०१९, दरवर्षी संपादक नवा. पहिल्या वर्षी हार्वी पीकार, मग ख्रिस वेअर, मग लिंडा बॅरी. इथे तर सगळी वर्षं घ्यायची काहीच गरज नाही, ज्या संपादकाची आवड तुमच्या आवडीशी जुळते तेवढीच वर्षं घ्या.

आपल्याकडचं म्हणाल तर विश्वज्योती घोष यांनी जमवून आणलेलं 'धिस साइड दॅट साइड' (२०१३) जरूर वाचा, फाळणीवर भारत-पाकिस्तान-बांगलादेशातले लेखक आणि चित्रकार जोड्या जुळवून कामाला लावलेत. लेखक एका देशातला आणि चित्रकार दुसऱ्या, असंही त्यात आहे, आणि विषयच असा की ती चौकट मनाला लागते.

प्रत तपासणं

ऑनलाइन घेताना सगळ्यात जास्त घोळ होतो हार्डकव्हर आणि पेपरबॅकचा, फोटो एकच लावलेला असतो. दोघांचे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेले ओळख-नंबर, वेगळे असतात, तेव्हा प्रकाशकाच्या साइटवरून हार्डकव्हरचा तेरा आकडी नंबर कॉपी करा आणि तोच सर्चमध्ये टाका, नावाने शोधू नका. २००७ च्या आधीचं पुस्तक असेल तर त्यावर दहा आकडी नंबर असेल.

कितवी छपाई आहे हे कळायला कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ बघा, १० ९ ८ ७ असं करत १ पर्यंत. त्यात जो सगळ्यात लहान आकडा शिल्लक असेल ती छपाई. विकत घ्यायच्या आधी विक्रेत्याला त्या पानाचा फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या. मी स्वतः पहिल्या छपाईसाठी जास्त पैसे देत नाही कारण मला वाचायचं असतं, पण काही वेळा नंतरच्या छपाईत कागद बदललेला असतो म्हणून माहिती असलेली बरी.

जुन्या प्रतीत अजून तीन गोष्टी बघा. पानांच्या खालच्या कडेला काळ्या मार्करची रेघ किंवा ठिपका असेल तर ती उरलेल्या मालातली स्वस्तात काढलेली प्रत आहे, वाचायला काहीच हरकत नाही, किंमत मात्र कमी पाहिजे. लायब्ररीचा शिक्का आणि चिकटवलेला खिसा असेल तर विक्रेत्याने तसं लिहिलेलं पाहिजे. आणि तिसरं, सुटे भाग. २००४ चा 'मॅकस्वीनीज' या अमेरिकी साहित्यिक नियतकालिकाचा तेरावा अंक ख्रिस वेअरने संपादित केलेला, पूर्ण कॉमिक्सचा, हार्डकव्हर, त्याचं जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी कव्हरच उलगडलं की मोठं पोस्टर होतं आणि त्याच्या घडीत दोन छोट्या कॉमिक्स खोचलेल्या असतात. जुन्या बाजारात त्या दोन नेमक्या गायब असतात. अशा पुस्तकाबद्दल आधी वाचून घ्या की मुळात आत काय काय होतं, मगच 'कंप्लीट आहे का' असं विचारा.

आकारही बघाच. माउस गार्ड चौकोनी आहे, ८ इंच बाय ८ इंच, कुठेही मावतं. याउलट २००८ चं 'क्रेमर्स एर्गट'चं सातवं पुस्तक १६ इंच बाय २१ इंच आहे, ते आपल्या नेहमीच्या लोखंडी कपाटात उभं राहणारच नाही.

बांधणी हातात घेऊन बघा

दुकानात किंवा कॉमिक कॉनला पुस्तक हातात मिळालं तर मी आधी वरून कण्याकडे बघतो. पुठ्ठा आणि पानं यांच्या मधल्या फटीतून दिसतं, पानांचे घडी घातलेले फर्मे एकाशेजारी एक गोल गोल दिसले तर पुस्तक शिवलेलं आहे, आणि सपाट सरळ गोंदाची रेघ दिसली तर सुटी पानं नुसती चिकटवलेली. नक्की करायचं तर फर्म्याच्या मधोमध पान उघडा, तिथे दोरा दिसतो. कॉमिक्समध्ये याला फार महत्त्व कारण दोन पानांवर पसरलेलं चित्र चिकटवलेल्या पुस्तकात मधल्या खाचेत गडप होतं, आणि जोर लावून उघडलं की पान सुटतं. आपल्या दमट हवेत वर्षानुवर्षं गोंद ओलावा धरतो आणि सोडतो त्यामुळे चिकटवलेली पुस्तकं लवकर खिळखिळी होतात. किमतीत थोडाच फरक असेल तर शिवलेलंच घ्या.

भारतातले बरेच संग्रह पेपरबॅकमध्येच मिळतात आणि मग आपल्याला वाटतं की बाइंडरकडून पुठ्ठा घालून घेऊ. चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडे दप्तरं आणि वाचनालयाची पुस्तकं बांधणारे चांगले बाइंडर आहेत, पण त्यांना तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. कडा कापायच्या नाहीत, कारण कॉमिक्सचं चित्र पानाच्या टोकापर्यंत छापलेलं असतं आणि कटिंग मशीनमध्ये ते जातं. बाजूने भोकं पाडून आडवी शिलाई करायची नाही, त्याने आतली बोटभर जागा जाते आणि संवादांचे फुगे अर्धे कापले जातात. आणि पिठाची खळ नको, पांढरा गोंद वापरा, कारण खळ म्हणजे कसरीला, कागद कुरतडणाऱ्या किडीला आमंत्रण. हे सांगून जमत नसेल तर पेपरबॅक तसंच ठेवा, चुकीच्या बांधणीपेक्षा ते बरं.

कधी मागवायचं

जून ते सप्टेंबर काही मागवू नका. खोका मुंबईहून निघेपर्यंत ठीक असतो, पुढे घाटात दरड, रस्ता बंद, गोडाऊनमध्ये दोन दिवस ओल्या फरशीवर, आणि शेवटी डिलिव्हरीवाला भिजत येतो. ऑर्डर दसऱ्यानंतर करा नाहीतर मे महिन्याच्या मध्याआधी पोचेल अशी. पावसात एखादी दुर्मीळ प्रत निघालीच तर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा, गणपतीला चाकरमानी येतातच, बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून येऊ द्या. विक्रेत्याला सांगताना 'नीट पॅक करा' असं मोघम सांगू नका, आधी प्लॅस्टिक मग पुठ्ठा आणि चारही कोपऱ्यांना जाड पॅडिंग असं सांगा, हार्डकव्हर कोपऱ्यावर आपटलं की कोपरा चेपतो आणि तो परत सरळ होत नाही.

पैशाचं थोडक्यात, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर २०१९ च्या बजेटपासून ५ टक्के कस्टम ड्युटी लावली गेली आणि कुरियरवाले वर आपला चार्ज लावतात, तेव्हा परदेशी साइटवरची किंमत ही शेवटची किंमत समजू नका. देशातल्या देशात पुस्तकं पाठवायला पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' २०२५ ला सुरू झाली, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत, शैक्षणिक आणि सांस्कृतिक पुस्तकांसाठी, पाठवायच्या आधी काउंटरवर पुस्तक दाखवून चालेल का विचारून घ्या. जड हार्डकव्हरला हा मोठा आधार आहे.

पुस्तक घरी आलं की

कुरियरचा खोका त्याच दिवशी घराबाहेर काढा, पन्हळी पुठ्ठ्यात झुरळांची अंडी येतात. श्रिंकरॅप, म्हणजे पुस्तकावरचं घट्ट प्लॅस्टिक, असेल तर फाडा, ते ओलावा आत धरून ठेवतं आणि आवळून पुठ्ठ्यांना बाक आणतं.

नवं हार्डकव्हर एकदम मधोमध उघडायचं नाही. कणा टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरायचं, पुढचा पुठ्ठा हळू खाली सोडायचा, मग मागचा, मग पुढून पाचसहा पानं आणि मागून पाचसहा पानं असं आलटून पालटून बोटाने खाचेतून दाबत मधोमध यायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण कणा आयुष्यभर सरळ राहतो.

आता नोंदवही, हा माझ्या लेखी संग्रहाचा जीव आहे. साधी वही किंवा मोबाइलवर शीट, काहीही चालेल, पण एका पुस्तकाची एक ओळ अशी नोंद नको, एका गोष्टीची एक ओळ पाहिजे. गोष्टीचं नाव, लेखक, चित्रकार, पानं, कुठल्या पुस्तकात, आणि शेवटी तुमचा शेरा. लेखक आणि चित्रकार वेगळे रकाने ठेवा कारण पाहुण्यांच्या संग्रहात जोड्या बदलतात. श्रेय बऱ्याचदा अनुक्रमणिकेत अर्धवट असतं, मागच्या पानांवर पाहुण्यांची छोटी ओळख असते तीही वाचा. अशी वही झाली की माग दिसायला लागतो. लेजंड्सच्या पहिल्या भागात जेरेमी बॅस्टियनची बारीक, कोरीव रेघ आवडली तर त्याचं 'कर्स्ड पायरेट गर्ल' शोधा. दुसऱ्या भागात स्टॅन साकाई भेटला की त्याचा 'उसागी योजिम्बो' समोर येतो, १९८४ पासून चाललेला, एका सामुराई सशाची मालिका, आणि तिथे तुमची पुढची काही वर्षं सुखात जातील. हा सगळा प्रवास एका दहा-बारा पानी गोष्टीपासून सुरू होतो, मला अँथॉलॉजी आवडायचं खरं कारण हेच.

आगोटीची (पावसाळ्याआधीच्या तयारीची) कामं

आता कोकणातला खरा प्रश्न. हवेतला दमटपणा सलग ६५ टक्क्यांच्या वर राहिला की कागदावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसात तो कितीतरी वर असतो. कॉमिक्स बहुतेक गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात, त्यावर मातीचा थर असतो, तो ओलावा धरतो. म्हणून पहिली खरेदी पुस्तकाची करायच्या आधी दमटपणा मोजायचं छोटं डिजिटल मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतं, ते कपाटाच्या आत ठेवा.

जागा निवडताना जांभ्याच्या भिंतीतलं फडताळ टाळा, विशेषतः दक्षिण-पश्चिमेकडच्या, जिथे पावसाचा मारा बसतो. ती भिंत ऑक्टोबरपर्यंत ओली असते आणि वाळवीही तिथूनच येते. पोटमाळाही नको, कौल सरकलं तर कळतही नाही. माजघरातली आतली भिंत सगळ्यात चांगली. लोखंडी कपाट असेल तर ते भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा. समुद्राजवळ घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने कपाटाच्या फळ्या गंजतात आणि पुस्तकांच्या खालच्या कडेला तांबडे डाग पडतात, त्यावर सनबोर्डचे तुकडे कापून घाला.

पुस्तकं गच्च कोंबू नका, बोट सहज जाईल इतकी मोकळी. मोठी आणि जड आडवी ठेवा, एकावर एक तीनच्या वर नाही.

पिशव्यांत घालायचं असेल तर ते काम जानेवारीत करा. हे नीट समजून घ्या. मे अखेरीस आगोटीच्या बाकी कामांबरोबर आपण पुस्तकंही प्लॅस्टिकमध्ये बांधतो, पण तेव्हा हवा आधीच दमट झालेली असते आणि तीच पिशवीत कोंडली जाते, मग आत बुरशी. थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत, आपली हवा सगळ्यात कोरडी असते, तेव्हा पुस्तकं दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवून मग पॉलीप्रॉपिलीनच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून बंद करा. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्या कालांतराने चिकट होतात. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० डिग्रीला दोन तास तापवलं की परत कामाला तयार.

कपाटात जुना पिवळा बल्ब लावून ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, गरमीने हवा कोरडी राहते, पण एलईडीने काही होत नाही आणि पिवळा बल्ब पुस्तकांपासून लांब, जाळीत पाहिजे, रात्री झोपताना बंद. डांबराच्या गोळ्या घालू नका, वास पानांत कायमचा बसतो आणि तब्येतीलाही वाईट. वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवा, कसर लांब राहते. तरीही कणा कुरतडल्यासारखा दिसला तर पुस्तक दोन पिशव्यांत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून पूर्ण नॉर्मलला येऊ द्या, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं.

पावसात आठवड्यातून एकदा, ऊन पडलेल्या दुपारी, कपाट तासभर उघडं ठेवा. पुस्तकं मात्र उन्हात घालू नका, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि पुठ्ठे वाकतात.

भिजलंच तर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती घरांतली, किती दुकानांतली पुस्तकं लगदा झाली हे आपण सगळ्यांनी बघितलंय. नदीकाठच्या घरात खालचे दोन खण पुस्तकांना द्यायचेच नाहीत.

एखादं हार्डकव्हर भिजलं तर घड्याळाकडे बघून काम करायचं. साध्या कागदाचं पुस्तक सावकाश सुकवलं तरी चालतं, आर्ट पेपरचं नाही, तो सुकताना पानाला पान असं चिकटतो की नंतर वेगळं करताना चित्रच सोलून निघतं. म्हणजे जे काय करायचं ते ओलं असतानाच. जॅकेट काढा, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडा, आणि प्रत्येक दोन पानांमध्ये बेकिंग पेपर घाला, हो, प्रत्येक. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. टेबल फॅन बाजूने, थेट पानांवर नाही. एका वेळी हे करायला वेळ नसेल किंवा पुस्तकं जास्त असतील तर ओली पुस्तकं तशीच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, गोठलेली असताना पानं चिकटत नाहीत आणि बुरशीही थांबते, मग एकेक काढून सुकवा. लाइट गेली असेल आणि बंदरावर कुणाची ओळख असेल तर मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दुहेरी सीलबंद पिशवीत ठेवायला विचारा.

बुरशी धरलेलं पुस्तक ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत जातो. आधी पूर्ण सुकू द्या, मग अंगणात नेऊन तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका, वारा येतो त्या बाजूला पाठ करून. ते पुस्तक महिनाभर बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि मीटरवरचा आकडा खाली आल्यावरच कपाटात परत जाऊ द्या. सुकल्यावर पुठ्ठे वाकलेले राहिले तर दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून वर पाटा ठेवा, दहाबारा दिवसांत बरेच सरळ होतात.